शेंगीचा हिवाळा

डिसेंबर लागला की मुंबईत थंडी पडली असं म्हणायची आपली पद्धत आहे. खरं म्हणजे पहाटे पंखा जरा कमी करावा लागतो, एवढंच. पण अंधेरीच्या पूर्वेला, विमानतळाच्या मागे ज्या गावठाणात मी वाढले, तिथे माझ्या लहानपणी थंडी खरंच पडायची. मरोळच्या बाजूला भातशेती होती, मागे टेकडी होती, आणि सकाळी शाळेला निघताना कौलं ओली असायची. परवा काही कामानं तिकडे गेले होते. आता गावठाणाच्या चारही बाजूंनी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि मधली ती बुटकी घरं खाली बसून वर बघत असल्यासारखी दिसतात. एका ओसरीवर दोन मुली नाताळची चांदणी करत बसल्या होत्या. बांबूच्या कामट्या, लाल कागद, आणि वाटीत कणकेची खळ. मी उगाचच थांबले. मुलींना वाटलं असेल, आजी चांदणी बघतायत. मी खळीचा वास घेत होते.

मला त्या वासानं चांदण्या आठवत नाहीत, काळे कागद आठवतात. एकाहत्तर सालच्या युद्धातले, खिडकीच्या काचांवर आतून खळीनं चिकटवलेले. आणि त्या अंधारलेल्या खोलीच्या कोपऱ्यात, चहाच्या जुन्या खोक्यात, कौलाच्या तुकड्याखाली पाय पोटाशी घेऊन बसलेली माझी शेंगी आठवते.

शेंगी म्हणजे पाल. लहानपणी मी पाल पाळली होती, हे वाक्य मी आजवर पुष्कळ जणांना ऐकवलं आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या हातांकडे बघतो.

मला बाळदमा होता. दिवाळी सरली की माझ्या छातीत शिट्ट्या वाजू लागत. आई रात्र रात्र मला उशांना टेकवून बसवायची आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहायची. बाबा विमानतळावर दुरुस्तीच्या खात्यात होते. त्यांच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच. मला भावंड नव्हतं आणि खेळायला, पळायला बंदी. साहजिकच मला एखादं जनावर हवं होतं. एक मांजरीचं पिल्लू मी आणलंही होतं. पण ते कुशीत घेऊन झोपले आणि सकाळी मला श्वास घेता येईना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की केसांचं, पिसांचं काहीही घरात नको. वर्सोव्याहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीनं ते पिल्लू आपल्या रिकाम्या पाटीत बसवलं. "रडू नको गो बाय, तिथं बोंबील खाऊन वाघ होईल तो," असं म्हणाली आणि घेऊन गेली. वाघ झाला असेल तर मला त्याचा उपयोग नव्हता. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

आमचं घर भाड्याचं. मालकीण फिलोमिना आंटी गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातली. तिची मुलगी ग्रेसी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. मी तिला ग्रेसीताई म्हणायचे. उंच, सावळी, फ्रॉकवर भावाचा जुना स्वेटर घालून हिंडणारी. तिला कशाचीच किळस नव्हती. मी पिल्लासाठी तोंड पाडून बसलेली बघून ती म्हणाली, "केस नकोत ना? मग बिनकेसांचं पाळ की."

"म्हणजे मासा?"

"मासा नुसता बघायचा. पाल पाळ, शैले. आवाज नाही, वास नाही, केस नाहीत, आणि हात लावला तर ओळख ठेवते."

आई तिथेच मेथी निवडत बसली होती. हातातली जुडी खाली ठेवून उठली आणि आत निघून गेली. ग्रेसीताईला काही कळेना. मला थोडंसं ठाऊक होतं. आमच्या घरात भिंतीवर पाल दिसली की आई त्या खोलीत पाऊल टाकत नसे. स्वयंपाकघरात दिसली तर बाबा येईपर्यंत चूल पेटत नसे. मला वाटायचं, पुष्कळ बायका घाबरतात तशीच घाबरते.

त्या संध्याकाळी तिनं ग्रेसीताईला सगळं सांगितलं. मी ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होते. लग्न होऊन आई मुलुंडला सासरी आली, त्याला फार दिवस झाले नव्हते. सगळे जेवायला बसलेले असताना आढ्यावरून पाल पडली ती थेट तिच्या डोक्यावर. ती किंचाळली आणि हातातलं वरणाचं भांडं सांडलं. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तेव्हा माहेरपणाला आली होती. ती एवढंच म्हणाली, "हे काही बरं झालं नाही." नंतर महिन्याभरातच आजोबा गेले. हृदयाचं दुखणं जुनं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आत्याचं वाक्य घरात राहिलंच. आईला तोंडावर कुणी कधी काही बोललं नाही. फक्त बारशाला, मुंजीला, हळदीला कुणीतरी हळूच म्हणे, "सुधा जरा मागे राहू दे."

"आणि तुम्ही राहता?" ग्रेसीताईनं विचारलं.

"राहते," आई म्हणाली. "पुढे जाऊन काय सांगू?"

त्यानंतर पाल पाळायची गोष्ट मी तोंडातून काढली नाही. काढणार कशी?

पण पावसाळा संपला आणि आंटीच्या परसातली विहिरीची पडकी भिंत नव्यानं बांधायला घेतली. दगड उपसता उपसता एका ढिगाखाली दोन पाली निघाल्या. आपल्या भिंतीवरच्या पालींसारख्या नव्हत्या त्या. जाडसर अंग, जमिनीवरून ठुमकत चालणं, आणि डोळ्यांना चक्क पापण्या. काम करणारी माणसं फावडी घेऊन मागे सरली. फुंकर लागली तरी माणूस मरतो, असं त्यांच्यातला एक जण ओरडला. ग्रेसीताईनं धावत येऊन दोन्हींवर टोपली पालथी घातली. "कुणीही मरत नाही. पालीला विष नसतं," असं म्हणून ती टोपलीवरच बसली आणि मला हाक मारली.

माणसं लांब गेल्यावर तिनं टोपलीची एक कड उचलून दाखवली. दोघींतली एक लहान होती आणि दिसायला विलक्षण सुंदर. काळ्याभोर अंगावर पिवळेधमक पट्टे, जणू कुणी नुकतेच रंगवलेले. दुसरी मोठी, मळक्या पिवळ्या रंगाची, अंगभर तपकिरी ठिपके. तिची शेपटी कधीतरी तुटून पुन्हा आली होती. नवी शेपटी मूळच्यासारखी निमुळती नव्हती. आखूड, फुगीर, मध्ये चिमटलेली, अगदी भुईमुगाच्या शेंगेसारखी.

मी अर्थातच पट्ट्यांच्या पालीकडे बोट दाखवलं.

"ती पोर आहे अजून," ग्रेसीताई म्हणाली. "पहिल्यांदा पाळणाऱ्यानं कधी पोर घेऊ नये. जरा चुकलं की मरतात. रंगावर जाऊ नको. डोळे बघ, स्वच्छ आहेत का. शेपटी बघ, जाड आहे का. यांचं सगळं सामान शेपटीत असतं. उपास पडला तर तिच्यावर दिवस काढतात." मग तिनं माझा हात टोपलीखाली, तळवा वर करून जमिनीवर ठेवायला लावला. "बोलू नको. धरू नको. कोण येतं ते बघ."

पट्ट्यांची सुसाट पळून टोपलीच्या कडेला जाऊन भिडली. मोठी बराच वेळ जागची हलली नाही. मग तिनं जिभेनं स्वतःचा एक डोळा पुसला, दोन पावलं टाकली आणि माझ्या बोटांवर हनुवटी टेकवून थांबली. तिचं ते थांबणं मला अजून तळहातावर जाणवतं. निवड मी केली असं म्हणायचं, पण ती अशी झाली. पट्ट्यांच्या पिल्लाला ग्रेसीताईनं त्याच दुपारी टेकडीवर नेऊन सोडलं.

आईला सांगायचं काम तिनंच अंगावर घेतलं. "वहिनी," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "हिचे पाय लांबूनच बघा. घरातल्या पालीच्या बोटांना खाली चिकटणाऱ्या पट्ट्या असतात. हिला नखं आहेत, पट्ट्या नाहीत. हिला भिंतीवर चढताच येत नाही. जी चढत नाही ती पडणार कुठून?"

आई दारात उभी होती. पदर तोंडाशी धरलेला. तिनं पालीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मांजरीचं पिल्लू गेल्यापासून मी कशी झाले होते, ते तिनं रोज पाहिलं होतं. मग ती म्हणाली, "ओसरीवर ठेवा. दाराच्या आत नको."

मग चहाचं लाकडी खोकं आलं. आंटीच्या मोडक्या दुभत्याच्या कपाटाची जाळी काढून त्याला झाकण केलं. तळाला टेकडीची माती, एका बाजूला कौलाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्याचं अस्तर लावलेली करवंटी. कात टाकायच्या वेळी ओलावा लागतो, म्हणून ती करवंटी. पाण्याला बरणीचं झाकण. ग्रेसीताईचे नियम मी पाढ्यांसारखे पाठ केले होते. शेपटीला कधी धरायचं नाही. वरून हात घालायचा नाही, कारण वरून येतो तो ससाणा. तिच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. औषध फवारलेलं झुरळ द्यायचं नाही. खोक्याची एक बाजू उबदार हवी, एक गार हवी, म्हणजे तिचं तिला ठरवता येतं. उबेसाठी वीट उन्हात तापवून, फडक्यात गुंडाळून ठेवायची. आणि हात लावल्यावर साबणानं धुवायचे.

शाळेतून आले की मी कुंडीमागचे रातकिडे पकडायचे. पळावं लागत नसे, टपून बसावं लागे. टपून बसणं मला जमायचं, दम्यानं तेवढं शिकवलं होतं. संध्याकाळी शेंगी कौलाखालून डोकं काढायची. किडा दिसला की आधी शेपटीचं टोक थरथरायचं, जसं काही सगळा विचार तिथेच चालला आहे. मग झडप. मग तोंडावरून जीभ फिरवणं. तेवढ्यासाठी मी दिवसभर थांबायचे. आणि आश्चर्य म्हणजे त्या नोव्हेंबरात मला फारशी धाप लागली नाही.

आई ओसरीवरून ये-जा करताना खोक्याकडे पाठ करून जायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला युद्ध पेटलं. विमानतळ शेजारी, म्हणून आमच्याकडे काळोखाची सक्ती कडक होती. बाबा कामावर गेले की घरी कधी येतील ते सांगता येईना. एकदा आले, जेवता जेवता ताटावरच डुलक्या घेऊ लागले आणि पुन्हा गेले. आईनं खळ केली आणि आम्ही दोघींनी काचांना काळे कागद चिकटवले. दिव्याला कागदाचं नळकांडं लावलं. तिन्हीसांजेला भोंगा वाजायचा आणि रस्त्यानं फिरणारा स्वयंसेवक ओरडायचा, "लाइट! लाइट बंद करा!" मग सगळं गावठाण श्वास धरून बसायचं. वर विमानांची घरघर. आपलं की त्यांचं, हे आवाजावरून सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक ओसरीवर होते.

त्यातच थंडी वाढली. शेंगी कौलाखालून बाहेर येईना. मी खोक्याजवळ बसून रडत होते. आईनं दोन फडकी हाताला गुंडाळली, खोकं उचललं आणि आत आणून कोपऱ्यात ठेवलं. ठेवल्यावर मोरीत जाऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले.

मग रॉकेल मिळेनासं झालं. स्टोव्ह बंद पडला. आईनं कोळशाची शेगडी काढली, आणि उजेड बाहेर दिसू नये म्हणून ती घरातच पेटवली. दारं बंद, खिडक्या बंद, काचांवर कागद. भात शिजेपर्यंत माझे ओठ निळे झाले होते, असं आई पुढे सांगायची. मला फक्त एवढं आठवतं की खोलीतली सगळी हवा कुणीतरी घडी करून कपाटात ठेवली होती. आईनं मला पाठीशी बांधलं आणि त्या काळोखात आंटीला घेऊन ती मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेली. अर्धे दिवे काळे केलेली एक टॅक्सी थांबली. रुग्णालयात पोचलो तेव्हा भोंगा वाजत होता.

मुलांच्या वॉर्डात आईबापांना राहू देत नसत. भेटीच्या वेळेत यायचं आणि घंटा झाली की निघायचं. पहिले दोन दिवस माझ्या नाकात नळी होती. बोलता येऊ लागल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "ग्रेसीताई शेंगीला खायला घालते ना?"

आई पेज ढवळत होती. "ग्रेसी वसईला गेलीय. तिची आजी पडली."

"मग?"

"मग काय? तू आधी तुझं खा."

मी खाल्लं, पण मनात समजून चुकले. आई खोक्याजवळ जाणार नाही. शेंगीच्या शेपटीत किती दिवसांचं सामान असेल, याचा हिशेब मी छताकडे बघून करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. आईनं डबा उघडला, माझे केस विंचरले, आणि मग आपणहून म्हणाली, "आज शेपटी हलवली तिनं."

"कुणी?"

"तुझ्या त्या शेंगीनं. आधी टोक असं हलतं." तिनं माझ्या चादरीवर करंगळीचं टोक थरथरवून दाखवलं. "मला वाटलं, चिडली. मी मागे झाले. तर तिनं एकदम झडप घातली. रातकिड्याचा एक पाय तेवढा बाहेर राहिला होता. तोही मग गिळला."

शेजारच्या खाटेजवळ सिस्टर होती. तिनं विचारलं, "कोण हो झडप घालते?"

"आमच्या घरी एक आहे," आई म्हणाली. जणू एखादी जाऊ.

मी घरी आले तोवर युद्ध संपलं होतं. बाबा काचांवरचे कागद ओल्या फडक्यानं सोलत होते आणि खोलीत खूप दिवसांनी ऊन आलं होतं. खोकं कोपऱ्यात नव्हतं. ते खिडकीखाली, उन्हाच्या पट्ट्यात होतं. शेंगी चकचकीत दिसत होती. ठिपके गडद, शेंग टपोरी.

"कात टाकली तिनं," आई म्हणाली. "बोटांवर तेवढी राहिली होती. ग्रेसी म्हणाली होती ना, बोटांवर कात सुकली तर बोटं झडतात. मग करवंटीत कोमट पाणी घेतलं, हातात धरली आणि कापसानं एकेक बोट सोडवलं."

"हातात धरलीस?"

"मग कशात धरू? सांडशीत?"

बाबा कागद सोलायचे थांबले होते. आई त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. "मला वाटायचं, गार आणि बुळबुळीत असेल. तशी नव्हती. कोरडी होती, जुन्या खणासारखी. आणि तिची छाती अशी उडत होती की मी घाबरायचं विसरले. शैलाला धाप लागते ना, तशी." मग म्हणाली, "एवढासा तर जीव आहे."

आजकाल माझ्या ओळखीतली मुलं मला विचारतात, मावशी, पहिल्यांदा काय पाळू? दुकानांतून परदेशी पाली मिळतात, काचेच्या पेट्या मिळतात, उबेचे दिवे मिळतात. टेकडीवरून उचलून आणणं आता कायद्याला धरून नाही, आणि ते बरंच आहे. टेकड्या तरी कुठे उरल्या आहेत? मी त्यांना ग्रेसीताईचंच सांगते. रंगावर जाऊ नका, डोळे आणि शेपटी बघा, पिल्लू घेऊ नका. पण एक गोष्ट मी माझ्या पदरची सांगते. तुम्ही नसाल तेव्हा घरात कोण असेल, त्या माणसाला आधी विचारा. आपण पाळतो म्हणतो, पण कुणीतरी दुसरंच सांभाळत असतं.

कारण शेंगी माझी होती ती त्या एका हिवाळ्यापुरती. पुढे माझा दमा हटला, मी पळायला लागले, शाळेतल्या मैत्रिणी झाल्या. शेंगी आईकडे गेली, कुणी दिली-घेतली नाही, आपोआप. आम्ही गावठाण सोडून बोरिवलीला राहायला गेलो तेव्हा टेम्पोत सगळं सामान मागे होतं आणि चहाचं खोकं आईच्या मांडीवर होतं. मी कॉलेजात जाईपर्यंत ती जगली. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, तेव्हा आई चिमट्यात किडा धरून तिच्या तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, "घे गं. समोरच आहे."

पण मला सांगायचा आहे तो त्या हिवाळ्याचा शेवट. संक्रांतीच्या आसपासची दुपार. आत्या मला बघायला आली, तिळगुळाचा डबा घेऊन. तिला रस्त्यावरून येताना मीच आधी पाहिलं. धावत आत गेले आणि खोक्यावर चादर टाकली.

"चादर काढ," आई म्हणाली. "तिची उन्हाची वेळ आहे."

"आई, आत्या आलीय!"

"दिसली मला. काढ."

आत्या आली, खुर्चीवर बसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. ती वाईट बाई नव्हती. तिनं माझ्यासाठी स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर आजही माझ्या कपाटात आहे. पण तिचं लक्ष खिडकीखाली गेलं आणि तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"सुधा, ते काय?"

"पाल आहे, वन्सं."

"घरात पाळलीय?"

"हो."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "मग पोर दवाखान्यात गेली यात नवल काय?"

असं काही झालं की आई चहा करायला आत जायची. मी तिची वाट मोकळी केली. ती गेली नाही. ओले हात पदराला पुसून ती खाली, खोक्याशेजारी बसली.

"वन्सं, पोर आजारी पडली ती धुरानं. खिडक्या बंद होत्या आणि शेगडी मी पेटवली होती. ही तेव्हा कौलाखाली झोपली होती." "आणि मामंजी गेले ते त्यांच्या दुखण्यानं. ते तुम्हालाही ठाऊक होतं. त्या दिवशी पाल माझ्या अंगावर पडली होती, वन्सं. त्यांच्या नाही. मी नवी होते, केवढी घाबरले होते. घरात एवढी माणसं होती. घाबरलीस का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही मला."

बाहेर कुणीतरी पतंग काटल्याची आरोळी ठोकली. आत्या डब्याच्या झाकणावर बोटं फिरवत बसली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होते. राग आला नाही. ती एकाएकी दमल्यासारखी दिसली. वडील गेले तेव्हा तिलाही कुणी काही विचारलं नसेल, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

"चावते का?" तिनं विचारलं.

"नाही."

आत्यानं पाय हळूच पुन्हा पुढे ठेवले. डबा उघडला, आईच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे मात्र ती म्हणाली नाही. म्हणाली, "माघात विजूचा साखरपुडा आहे. औक्षणाला तू उभी राहा. पुढे."

माझ्या आतेबहिणीचा साखरपुडा, आईचं सगळं सासर जमणार, आणि आईनं पुढे उभं राहायचं. मला वाटलं, आई रडेल. तिनं तिळगूळ तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "बघते वन्सं. हिला एक दिवसाआड खायला लागतं."

"अगं, म्हणजे मधला एक दिवस मोकळा आहे ना?" आत्या म्हणाली.

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. पण आत्यासमोर हसताना आईनं तोंडाला पदर लावला नाही, ते मी पाहिलं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा आईनं ट्रंक उघडून दोन साड्या पलंगावर पसरल्या होत्या. "वन्संनी बोलावलंय," ती म्हणाली. "मला पुढे उभं राहायचंय. हिरवी नेसू की जांभळी?" बाबांना साड्यांतलं काही कळत नसे. ते कधी हिरव्या साडीकडे, कधी जांभळ्या साडीकडे आणि बराच वेळ आईकडे बघत राहिले. आई आरशासमोर एकेक पदर खांद्यावर टाकून पाहत होती. त्या दिवशी शेंगीचे रातकिडे मलाच पकडावे लागले.